चाकांवरचं पाल

लग्नाला तीन वर्षं होत आली तरी मी माझ्या भासऱ्यांचा चेहरा नीट पाहिलेला नव्हता, आणि त्याच माणसासोबत मी कापडाचं एक फिरतं घर बांधलं. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या बालाघाटकडे सून सासऱ्यासमोर एक वेळ बोलली तर चालायचं, पण भासऱ्यासमोर नाही. त्यांच्यापुढे पदर कपाळावर ओढलेला हवा, त्यांच्या खाटेवर बसायचं नाही, त्यांच्या सावलीवर पाय पडू द्यायचा नाही, आणि शब्द तर एकही काढायचा नाही. त्यांना हाक मारायची झाली तर काय म्हणून मारायची हे मला कोणी शिकवलंच नव्हतं, कारण हाक मारायची वेळच येऊ द्यायची नसते.

माझे सासरे छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. आल्याबरोबर त्यांनी घरातले देव टोपलीत घातले आणि वैनगंगेत सोडून दिले. मी सून होऊन आले तेव्हा सासरे नव्हते, आणि घरात देव, उपास, शकुन, अपशकुन यांतलंही काही नव्हतं. भासऱ्याचा पाळ, म्हणजे ही बंधनं, मात्र जिथल्या तिथं होता. एकदा मी सासूबाईंना विचारलं, "आत्या, एवढं सगळं सोडलं, मंग हे काहून नाई सोडलं?"

बिडीचं पान कापता कापता त्या म्हणाल्या, "त्याईच्या ध्यानात नसन आलं. घाईत होते."

मला हसू आलं, पण नियम तसाच राहिला.

माझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी. माहेर तुमसरकडचं. तिथं मी कोणाच्याही बैलगाडीत बसून बाजाराला जायची आणि भलत्याच्याच गाडीतून परत यायची. लग्न ठरलं तेव्हा मुलगा ड्रायव्हर आहे एवढंच मी ऐकलं आणि मनातल्या मनात जीपमध्ये जाऊन बसले. प्रत्यक्षात जीप गेली मलाजखंडला आणि मी राहिले बालाघाटच्या एका आंगणात, जांभळाच्या झाडाखाली, बिड्यांच्या सुपासमोर.

मलाजखंडला तेव्हा खाण नव्हती. डोंगर होता, जंगल होतं, आणि खाली तांबं किती आहे ते पाहायला जमिनीत खोल भोकं पाडणाऱ्या लोकांचे तंबू होते. नवरा त्या कॅम्पावर जीप चालवायचा. महिन्यातून एखादेवेळी डिझेल न्यायला, राशन न्यायला बालाघाटला यायचा आणि रात्रीपुरता घरी थांबायचा. त्याची पत्र्याची पेटी आली की घरभर डिझेलचा वास सुटायचा. तो गेल्यावरही दोन दिवस तो वास राहायचा, आणि मी त्या वासावर चिडायची. वास राहतो तर माणसाला राहायला काय होतं? सासूबाई त्याला पाहुण्यासारखं वाढायच्या, "अजून घे, अजून घे" करायच्या. मला कळेना, हा माझा नवरा की या घराचा जावई.

"मले घेऊन चाला," मी प्रत्येक वेळी म्हणायची.

"तिथं फॅमिली अलाव नाई," तो म्हणायचा. "सरकारी तंबू हायेत."

शेवटी मी हात धुवून मागे लागले. म्हटलं, साहेबांना विचारून तर या. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा हसत होता. साहेब हिंदीत म्हणाले होते, सरकारी तंबू में फॅमिली नहीं, अपना तंबू हो तो मुझे क्या. आणि कॅम्पावर पाण्याची टाकी ओढणारी एक दोनचाकी ट्रॉली होती, तिची टाकी गंजून मोडीत निघाली होती. चाकं धड होती. ती चाकं, आस आणि लोखंडी चौकट नवऱ्यानं जीपमागे बांधून आणली आणि जांभळाखाली आणून सोडली. काठीनं मातीवर काहीतरी रेघोट्या मारून दाखवल्या, अशी पेटी, असं वरून कापड, आणि चहाही पुरता न पिता परत गेला. जाताना म्हणाला, "पावसाच्या आत झालं पायजे. मंग नाले चढतात, गाडा दिवाळीपर्यंत नाई निघत."

झालं. त्या दिवसापासून माझा जीव त्या चाकांवर जाऊन बसला. भाकरी थापताना मी दारातून चाकांकडे पाहायची. पावसाळ्याला वेळ होता, पण मला आत्ताच उशीर झाल्यासारखं वाटत होतं.

सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. "पाल ठोकून रायशील का तू?" त्या म्हणाल्या. गावाबाहेर फिरत्या लोकांची पालं पडतात, चार काठ्या आणि वर फाटकं धोतर, ते त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. "सासऱ्यानं पक्क्या विटेचं घर बांधलं ते काय सून पालात जाऊन बसाले?"

मी काही बोलणार तेवढ्यात आंगणातून आवाज आला. भासरे तिकडे पाठ करून रंधा मारत होते. रंधा न थांबवता ते म्हणाले, "माय, लाकूड माह्याजवळ हाय."

तेवढंच. सासूबाई बिड्यांकडे वळल्या, आणि मी पदराआडून पहिल्यांदा त्या पाठीकडे नीट पाहिलं.

भासरे सुतारकाम करायचे. आधी उकव्याच्या बाजूला मँगनीजच्या खाणीवर बरीच वर्षं सुतार म्हणून होते, मग ते सोडून घरी आले आणि दारं-खिडक्या करू लागले. ते खाणीवर होते तेवढी वर्षं त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली जाऊ, इथं या घरात, याच सुपासमोर बसून होती. मग एकदा भावाच्या लग्नाला माहेरी कटंगीला गेली ती परत आलीच नाही. भांडण नव्हतं, वाद नव्हता. नुसती आली नाही. मी या घरात आले त्याच्या आधीची गोष्ट. दर बाजाराच्या दिवशी भासरे बसनं कटंगीला जायचे, सासऱ्याच्या ओट्यावर बसून चहा प्यायचे आणि संध्याकाळच्या बसनं एकटेच परत यायचे. पिशवीत बाजारातून आणलेली वांगी असायची. त्याबद्दल घरात कोणी अवाक्षर काढायचं नाही.

कामाची वाटणी आपोआप झाली. लाकूड त्यांचं, कापड माझं. तेंदूपत्त्याच्या गोदामातून एक जुनी ताडपत्री मिळाली, तिला पानांचा उग्र वास होता. मी ती ओट्यावर पसरायची आणि दाभणानं सुतळीची शिवण घालायची. बोटं सोलून निघाली. ते जांभळाखाली, माझ्याकडे पाठ. मी ओट्यावर, त्यांच्याकडे पाठ. आणि मध्ये सासूबाई, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत.

सगळं बोलणं त्यांच्यातून जायचं.

"माय, इचार तिले, कापडाची रुंदी किती होते?"

"किती होते वं?"

"आत्या, सांगा, फळ्या उघडल्यावर दोन्हीकडं हातभर खाली लोंबलं पायजे तेवढी."

"हातभर म्हणते."

काय हातभर, कशाच्या हातभर, सगळं गळून जायचं. ध चा मा व्हायला वेळ लागत नव्हता. पुन्हा विचारणा, पुन्हा उत्तर. माझ्यासारख्या तापट बाईला हे म्हणजे शिक्षाच होती. माणूस चार पावलांवर बसलेला, त्याचे कान शाबूत, माझं तोंड शाबूत, आणि निरोप फिरून जातोय बिड्यांच्या सुपावरून. त्यात सासूबाईंची वेगळीच गंमत. त्या स्वतःचंही मत त्यात मिसळायच्या. मला आत उभं राहता येईल एवढी उंची हवी होती. मी तसं सांगितलं. उत्तर आलं, "तो म्हणते, उंच केलं तर वाऱ्यानं उडून जाईन, आन् बाईमाणसानं घरात बसूनच काम करावं." पहिला अर्धा भाग भासऱ्यांचा होता. दुसरा कोणाचा, ते मला पुढे कळलं.

आणि सासूबाई उठून कुठं गेल्या की काम थांबायचं. त्या पाण्याला गेल्या, शेजारी गेल्या, तेंदूपान आणायला गेल्या, की भासरे हातातलं खाली ठेवायचे आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे. रिकाम्या आंगणात भावजयीसोबत एकटं थांबायचं नाही, म्हणून. मी दाभण हातात घेऊन दाराकडे पाहत बसायची. आभाळात एखादा ढग दिसला तरी माझा जीव टांगणीला. एकदा तर मी सासूबाईंना विनवलं, "आत्या, आज कोठी जाऊ नका." त्या म्हणाल्या, "मी का खांब हाओ या घराचा?" मी म्हटलं, "हौ."

तरी गाडा आकाराला येत होता. लोखंडी चौकटीवर सागवानाच्या फळ्यांची लांबट पेटी. पेटीच्या दोन्ही बाजू कब्ज्यांवर बाहेर उघडायच्या आणि टेकू लावले की त्यांचेच दोन बिछाने व्हायचे. वरून बांबूच्या कमानी. ते बांबू भासऱ्यांनी ओले असतानाच वाकवून, दोरीनं बांधून, दगड ठेवून वाळत घातले होते. कमानींवर माझी ताडपत्री. प्रवासात कमानी काढायच्या, कापड गुंडाळून पेटीत टाकायचं, बाजू मिटायच्या आणि खिट्टी लावायची. मिटलेला गाडा पाहून गल्लीतली माणसं विचारायची, यात काय नेणार, कोंबड्या? सासूबाई म्हणायच्या, "कोंबडीच नेऊन राह्यलो." त्यांचा विरोध हळूहळू टोमण्यांवर आला होता, आणि टोमणे म्हणजे त्यांचा होकार, एवढं मला कळायला लागलं होतं.

शेवटी स्वयंपाकाचा प्रश्न आला. नवऱ्यानं मारलेल्या रेघोट्यांत चुलीची पेटी एका फळीवर उंच दाखवलेली होती. मला उभ्यानं स्वयंपाक जमत नाही, अजूनही नाही. मी सांगितलं, "आत्या, म्हणा, चुलीची पेटी खाली ठेवा."

सासूबाईंनी एक बिडी वळली, दोरा बांधला आणि म्हणाल्या, "चुलीची जागा खाली ठेवजो म्हणते."

"खाली?"

"हौ, खाली."

मग भासरे म्हणाले, "बरं." मी शिवणीत मान घातलेली होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

नवरा दुसऱ्या दिवशी जीप घेऊन येणार होता. त्याच्या आदल्या दिवशी सकाळीच सासूबाई वारासिवनीला गेल्या, त्यांच्या बहिणीच्या घरी बाळंतपण झालं होतं. भासऱ्यांनी पहाटेच उरलेल्या फळ्या ठोकल्या होत्या आणि आता ते विहिरीवर हातपाय धुऊन टपरीवर निघण्याच्या बेतात होते. मी भांड्यांची टोपली घेऊन गाड्याकडे गेले, कापड वर केलं, आणि आत पाहिलं तर दाराजवळ जमीनच नव्हती. चांगलं पाटाएवढं चौकोनी भोक. त्यातून खाली जांभळाची पडलेली पानं दिसत होती.

माझं डोकं फिरलं. उद्या गाडा निघणार आणि त्याला भोक. पदर कुठं होता, आंगण रिकामं होतं की भरलेलं, मला काही सुचलं नाही. मी विहिरीकडे वळून म्हटलं, "हे काय केलं?"

हाक नव्हती, नातं नव्हतं, नुसता प्रश्न. भासऱ्यांच्या हातातला दोर सुटला आणि बादली परत विहिरीत गेली. ते वळले नाहीत. मला वाटलं, आता हे तसेच बाहेर चालते होतील आणि मी या आंगणात जन्मभर बसेन.

"सांगलं होतं तसंच केलं," ते विहिरीत पाहत म्हणाले. "जागा खाली ठेवली."

"मी पेटी खाली ठेवा म्हटलं. खाली म्हणजे खाली. बुडाशी. बसून सैपाक कराले."

"खाली म्हणजे रिकामी नाई?"

"नाई."

"मले वाटलं, जमिनीवरच चूल मांडायची हाय. म्हणून तेवढ्या फळ्या नाई ठोकल्या." मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. मी त्या घरात आल्यापासून त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं. "मायचं खाली लांजीकडचं हाय," ते म्हणाले. "तिचं माहेर हिंदीतलं."

मलाही हसू फुटलं. एवढा राग आलेला असताना हसू आलं याचाच मला राग आला.

पण भोक भोकच होतं. घरात एवढ्या रुंदीची फळी शिल्लक नव्हती आणि लाकडाची टाल त्या दिवशी बंद. ते थोडा वेळ गाड्याभोवती फिरले, मग आपल्या खोलीत गेले. आतून खिळे उपसल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात एक जुनी, गुळगुळीत झालेली रुंद फळी होती.

"कुठली हाय?" मी विचारलं.

"निजायच्या तखताची." फळी भोकावर ठेवून ते पेन्सिलीनं खूण करू लागले. "मले एकट्याले एवढं रुंद लागत नाई."

मी गप्प बसणारी बाई नाही. जे मनात होतं तेच बाहेर पडलं. "मंग जाऊबाईले काहून नाई नेलं खाणीवर?"

करवत चालत राहिली. फळी कापून झाली, कडा घासून झाल्या, हवं तेव्हा उघडून खाली चूल मांडता यावी म्हणून कब्जा लावून झाला. झाकण दोनदा उघडून मिटून पाहिल्यावर ते म्हणाले, "तिनं कधी म्हटलंच नाई."

"तुमी इचारलं?"

"माय समोर असताना कसं इचारावं? मी मायले म्हणो, ती तिले म्हणे." त्यांनी झाकणावरचा भुसा हातानं झाडला. "आमच्या मधातही मायच होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही पदर ओढून घेतला होता. पण त्या दुपारी आम्ही सरळ बोललो. कमान धरा, दोर ओढा, इकडं ढिलं आहे, तिकडं घट्ट करा. सासूबाईंच्या मार्गानं महिनाभर अडकलेली कामं भराभर निघाली. मधली कमान जरा उंच हवी, हेही मी सांगून टाकलं. ते म्हणाले, सगळं उंच केलं तर वारा धरतो, एकाच ठिकाणी करून देतो. त्यांनी मधल्या बांबूला जोड दिला, आणि गाड्यात एक जागा अशी झाली की जिथं मला सरळ उभं राहता येत होतं. बाईमाणसानं बसूनच काम करावं, असलं त्यांच्या तोंडून काही आलं नाही. तेव्हा मला कळलं की ते वाक्य कोणाचं होतं.

संध्याकाळी सासूबाई परत आल्या. आम्ही परत आपापल्या जागी, पाठीला पाठ. त्या गाड्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "हे झाकण कोणं सांगलं?"

भासरे रंध्याचं पातं पुसत होते. मी सुतळी गुंडाळत होते. सासूबाईंनी आळीपाळीनं आमच्या दोन पाठींकडे पाहिलं असावं. मग त्यांनी सूप ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नवरा आला, गाड्याभोवती फिरला, झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाला, हे बरं सुचलं. मी निघताना सासूबाईंच्या पाया पडले. भासऱ्यांच्या पाया पडायचं नसतं, त्यांना स्पर्श चालत नाही, म्हणून दुरूनच आंगणात डोकं टेकलं. ते चाकाचा शेवटचा नट पिळत होते. "माय, सांग तिले, झाकणावर पाय जपून."

"जपून राय म्हणते," सासूबाई म्हणाल्या.

"हौ आत्या," मी म्हटलं.

बैहरच्या घाटात जीप कण्हत होती, आणि मी दर वळणाला मागे वळून गाडा येतोय का ते पाहत होते. नवरा म्हणाला, "तुटला तर आवाज येईन, पुढं पाय." मी पुढे पाहिलं आणि पुन्हा मागे पाहिलं. मला वाटलं होतं, एकदा निघालं की जीव शांत होईल. तसं काही झालं नाही.

कॅम्पावर सुरुवातीला माणसं माझ्याकडे अस्वल पाहावं तशी पाहायची. मग सवय झाली. पावसात बाहेर चूल टिकत नव्हती. तेव्हा मी झाकण उघडायची, भोकाखाली मातीत चूल खणायची आणि फळीच्या कडेला बसून स्वयंपाक करायची. धुरानं डोळे चुरचुरायचे, नवरा खोकत बाहेर पळायचा, पण भाकरी व्हायची. तिथं आम्ही पहिल्यांदा भांडलो. बालाघाटला तीन वर्षांत भांडायला कधी सवडच मिळाली नव्हती. भांडायला माणूस समोर लागतो. ताडपत्री कुठून गळते, जीप इतक्या उशिरा का आली, मीठ कोणी सांडलं, सगळ्यावर भांडलो. मला फार बरं वाटलं. माझ्या नवऱ्याला राग आला की तो शीळ घालतो, हे मला लग्नाच्या चौथ्या वर्षी त्या पालात कळलं.

कॅम्प हलला की आम्ही हलायचो. एका ठिकाणी सहा महिने झाले की माझे पाय वळवळायला लागायचे. माझी थोरली मुलगी तिथं चालायला शिकली, एका बिछान्यावरून दुसऱ्या बिछान्यावर. मग काही वर्षांनी तंबू कमी झाले, रस्ते रुंद झाले, आणि नवऱ्याला पत्र्याचं छप्पर असलेलं एक क्वार्टर मिळालं. सगळ्यांनी पेढे मागितले. मी पेढे वाटले. त्या दोन खोल्यांत मला मुळीच करमत नव्हतं, दुपारी मी बाहेर उभ्या गाड्यात जाऊन बसायची. पण मुलगी शाळेत जायला लागली होती आणि दुसरं पोटात होतं. गाडा नुसता उभा राहून सडेल, म्हणून आम्ही तो बालाघाटला परत न्यायचं ठरवलं.

जीप आंगणात शिरली तेव्हा सगळं जिथल्या तिथं होतं. जांभूळ, विहीर, सूप, पाठ. सासूबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या, बिड्या वळायचा वेग मात्र तोच. भासऱ्यांचे केस मागून पांढरे दिसत होते. ते त्या दिवशी कटंगीच्या बाजारातून परत आले होते, पिशवी दारात टेकवलेली होती, आणि तिच्यातून वांगी दिसत होती.

नवऱ्यानं गाडा सोडवून जांभळाखाली लावला. मी आतलं सामान काढलं, भांडी, अंथरुणं, मुलीचं मोडकं खेळणं. शेवटी झाकण मिटलं. फळी धुरानं काळी पडली होती पण वाकलेली नव्हती. मी त्यावर हात ठेवला आणि मला एकदम त्या दुपारची आठवण आली, तखताचे खिळे उपसल्याचा आवाज. बाहेर येऊन पाहते तर भासरे पाठ फिरवून वांगी पिशवीतून काढून सुपाशेजारी ठेवत होते, जसे प्रत्येक बाजारच्या दिवशी ठेवत होते. वर्षानुवर्षं हा माणूस जातो आणि वांगी घेऊन येतो.

या वेळी आंगण रिकामं नव्हतं. सासूबाई होत्या, नवरा होता, मुलगी होती, शेजारची बाई कुंपणाशी उभी होती. मी त्या सगळ्यांदेखत भासऱ्यांकडे तोंड केलं आणि म्हटलं, "गाडा खाली हाय."

सासूबाईंचा हात बिडीवर थांबला. मग सवयीनं त्यांनी मान वळवली आणि थोरल्याला सांगू लागल्या, "गाडा खाली हाय म्हण..."

"ऐकलं मी, माय," भासरे म्हणाले.

त्यांनी हातातलं वांगं खाली ठेवलं, गाड्याजवळ गेले, आणि चाकाच्या नटांवरून एकेक करून हात फिरवला. माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्यांनी पाहायलाही नको होतं.

आठ दिवसांनी तुमसरला धान नेणाऱ्या एका ओळखीच्या ट्रकमागे तो गाडा बांधून भासरे गेले. कटंगीच्या अलीकडे सासऱ्याच्या बांधीच्या कडेला त्यांनी तो लावला, बाजू उघडल्या, कमानी चढवल्या. पन्नाशीचा माणूस, सासऱ्याच्या शेताशी पाल ठोकून. बाजारात लोक हसले. त्यांचे सासरे येऊन घरात चला म्हणाले, ते गेले नाहीत. पहिल्या दिवशी जाऊबाईंनी पाण्याचा तांब्या दुसऱ्याच्या हाती पाठवला. भासऱ्यांनी तो तसाच परत पाठवला आणि सांगितलं, जिला द्यायचं तिनं आणून द्यावं. हे मला पुढे खुद्द जाऊबाईंनी सांगितलं, हसत हसत, त्याच भोकाच्या कडेला बसून भाकरी थापताना.

सासूबाईंना आता लेकाला भेटायला बाजाराच्या बसनं कटंगीला जावं लागायचं. परत येताना त्या वांगी घेऊन यायच्या आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायच्या. जाऊबाई काही बालाघाटला परत आल्या नाहीत. भासरेही आले नाहीत.